ताईचा शेवटचा खण

या, असे जवळ सरका. एका बशीची गोष्ट सांगते. भिऊ नका, देव त्या बशीतही होताच.

दोघी सख्ख्या बहिणी एकाच प्रयोगशाळेत बेडकांची अंडी वाढवायच्या. पेशीत आरएनए नावाचा निरोप निघतो, पण निघतो पाल्हाळासकट. मधले नको ते तुकडे कापून टोकं सांधली, तरच त्यातून डोळा घडतो. ती सांधणी अडवली तर काय होतं, हे ताई पाहत होती. अंड्याच्या चार पेशी झाल्या की ती काचेच्या सुईने उजव्याच बाजूला सांधणी अडवणारं औषध टोचायची. डावी बाजू ताडून बघायला तशीच ठेवायची. बशीच्या एकेका खणात एकेक अंडं, असं ओळीने.

एका दुपारी ताईचं डोकं ठणकत होतं.

"ताई, तोंड बघ आरशात! चल दवाखान्यात."

"अंडी थांबतात होय कुणासाठी? एवढी ओळ संपवते. तू जेवून ये. उपाशी राहिलीस की मलाच खातेस."

धाकटी जेवून आली, तर ताई सूक्ष्मदर्शकावर डोकं टेकून बसलेली. प्राण गेला होता.

तेव्हापासून धाकटीला एकच प्रश्न जाळत होता: तिने मला हाक मारली असेल का?

बशीतली पिल्लं वळवळू लागली, तेव्हा ती भिंगावर वाकली. प्रत्येकाला एकच डोळा, डावा. उजवीकडे नुसती कातडी. खणाखणातून ते एकुलते डोळे तिच्याकडे रोखलेले. ओळीच्या शेवटाकडच्या काही खणांत मात्र उलटं झालं होतं. उजवा डोळा होता, डावा नव्हता. ताईचा हात असा कधीच चुकत नसे. इथवर येता येता तिला डावं-उजवं कळेनासं झालं होतं.

शेवटच्या खणातल्या पिल्लाला दोन्ही डोळे होते.

म्हणजे ते अंडं न टोचताच सुई खाली ठेवण्याइतकी शुद्ध ताईला होती. हाक मारण्याइतकीही असणार.

प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "नियमाप्रमाणे सगळी बशी फॉर्मॅलिनमध्ये जाऊ दे. प्रयोगातलं एकही पिल्लू जिवंत ठेवायचं नाही."

"शेवटचं टोचलेलंच नाही, सर. ते प्रयोगातलं नव्हे."

"मग कुणाचं?"

"माझं."

पिल्लाची शेपूट जिरली, पाय फुटले, बेडूक झाला. अजूनही खोली रिकामी झाली की तो ताईच्या स्टुलाजवळच्या टाकीतून एकदाच ओरडतो. धाकटी हातातलं टाकून धावते, "आले गं ताई, आले!"

तुमच्या कानावर कधी बेडकाची हाक पडली, तर माझ्यासाठी एवढं करा. त्या ताईची आठवण काढा, आणि हळूच ओ द्या.