कोमट पाण्याची सवय

मित्रांनो, मी एक जुना मासा आहे. माझे खवले निबर झाले आहेत आणि एका डोळ्याने आता धूसर दिसते. पण जे सांगणार आहे ते मी दोन्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

वीजघरामागच्या तळ्यात मी वाढलो. तळे अक्काचे; तीच आम्हा माशांना पाळायची. तिचा धाकटा भाऊ वीजघरात कामाला होता. यंत्रे गार करून आलेले स्वच्छ, कोमट पाणी मोठ्या नळातून तळ्यात पडे.

तुमचे अंग थंडीतही आतून उबदार राहते. आमचे तसे नाही. जसे पाणी, तसे आमचे अंग. पाणी तापले की भूक वाढते, कल्ले भराभर हलतात, अंग झपाट्याने भरते. पाणी सावकाश निवत गेले तर शरीरही आतला कारभार सावकाश बदलते. कमी खाते, कमी श्वास घेते, थंडीत तग धरायला शिकते. पण त्याला कित्येक दिवस लागतात.

त्या हिवाळ्यात बहुतेक मासे नळाच्या तोंडाशी राहायला गेले. माझी बहीणही गेली. मला मात्र धट्ट्याकट्ट्या माशांनी ढुशा देऊन हुसकावले. मी पलीकडच्या खोल, गार पाण्यात रुसून बसलो.

एका दुपारी भाऊ काठावर आला. "अक्का, यंत्र बिघडलंय. संध्याकाळी पाणी बंद होणार."

अक्काच्या हातातला दाणा हातातच राहिला. "एकदम? अरे, हे सगळे उबेला सरावलेत. थोडं थोडं कमी कर ना!"

"मला कळत नाही का? पण हुकूम वरचा आहे. मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी बंद करेल."

"मग त्यालाच करू दे."

भाऊ मान खाली घालून निघून गेला.

नळ थांबला आणि गारठा उतरला. उबेतल्या माशांची अंगे भरधाव चालली होती. त्यांना बदलायला सवडच मिळाली नाही. पंख ऐकेनात. एकेक जण कुशीवर कलंडू लागला. मी गार पाण्याला आधीच सरावलो होतो; बहिणीकडे धावलो, ढुशी देऊन तिला सरळ केले. ती पुन्हा कलंडली. पुन्हा सरळ केले. मग तिचे कल्ले हलायचे थांबले.

सकाळी सगळे तळे पांढऱ्या पोटांनी भरले होते. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उतरून मेलेले मासे पाटीत भरत होता.

"मीच बंद केलं, अक्का," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," काठावर बसलेली अक्का म्हणाली. "पाणी गार आहे. बाहेर ये."

तो आला नाही. पाट्या भरत राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी काचेच्या पेटीत मासे असतील, तर त्यांचे पाणी घाईने बदलू नका. नवे पाणी जुन्यात थोडे थोडे मिसळा. आम्ही उन्हाला सरावतो, गारठ्यालाही सरावतो. आम्हाला फक्त वेळ लागतो. माझ्या बहिणीला तो कुणी दिला नाही.