अकरा इंच एक सूत

गोल कापण्यात माझा हात धरणारं रेणापूर तालुक्यात कुणी नसेल. बावीस वर्षं शिवणकाम करतेय. घेराच्या झग्याला कापडाच्या चार घड्या घालायच्या, कोपऱ्यापासून खडू फिरवायचा, कात्री चालवायची. उलगडलं की गोल तयार. म्हणून रामलिंग सुतार जेव्हा म्हणाला, "वहिनी, स्पीकरचं भोक म्हंजे काही झग्याचा घेर न्हाई," तेव्हा मी चिडले. मी लवकर चिडते, हे आधीच सांगून ठेवते.

पण खरा राग होता गुरुबसप्पावर. आमच्या गावातल्या महादेवाच्या देवळाचा साऊंड तो सांभाळतो. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आम्हा बायकांचं भजन होतं. माझ्या सासूबाई, मल्लम्मा, मी त्यांना आत्याबाई म्हणते, आमच्यात पुढं गाणाऱ्या. वय बहात्तर, आवाज बारीक पण सरळ. त्यांनी पहिलं भजन धरलं आणि स्पीकरच्या डब्यातून फर्रफर्र सुरू झाली. पुरुषांच्या भजनात ढोलकीचा दणका असतो, त्यात सगळं झाकून जातं. बारीक आवाजाला झाकण कुठलं? गुरुबसप्पानं बटण बंद केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काकू, बेसूर होऊन राहिलं. आवाज फाटला तुमचा. आता पुरे करा."

मी उठून डब्याजवळ गेले. स्पीकरच्या कडेला बोट शिरेल एवढी फट होती. भोक कुणीतरी उंदरानं कुरतडल्यासारखं कापलेलं, त्यात चिंध्या कोंबलेल्या. फाटला होता तो डब्याचा आवाज. पण डब्याला बेसूर कोण म्हणणार? माणूस सापडला की डबा सुटतो.

मी हे घरी येऊन दहा वेळा सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असंल ग. पन माणसाला आपला आवाज कुटं कळतो? वय झालं." त्या दिवसापासून त्या गप्प झाल्या. सकाळी अंगण झाडताना गुणगुणत, तेही थांबलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या गुणगुणण्यावर माझी सकाळ चालू होत होती. घर मुकं झालं. मला ते सहन होईना.

मग मी ठरवलं, पुढच्या सोमवारच्या भजनाआधी आपला डबा आपणच करायचा. भजनातल्या बायकांनी मान डोलावली. लातूरहून बारा इंची स्पीकर, लहानसा ॲम्प्लिफायर आणि एक प्लाय आला. रामलिंगनं प्लायच्या फळ्या कापून दिल्या. डबा एकच करायचा होता, पण उरलेल्या तुकड्यांतून समोरच्या फळ्या तीन निघाल्या. बाकी डबा त्यानं ठोकूनही दिला. भोकापाशी आल्यावर मात्र म्हणाला, "मी जिगसॉनं कापतो. कड थोडी वाकडी येती, पन वरून जाळी बसती, दिसत न्हाई."

"दिसत नाही, पण ऐकू येतं," मी म्हणाले. "कड साफ पाहिजे. फट राहिली की फरफर आली, आणि फरफर आली की पुन्हा आमच्या आत्याबाईच बेसूर."

मग त्यानं आपलं ट्रिमर मशीन काढून दिलं. मुठीत मावेल एवढं, पण पातं असं फिरतं की लाकडाचं पीठ होतं. त्यानं मशीनला प्लायची एक पट्टी जोडली आणि पट्टीला भोक पाडून खिळा घातला. खिळा फळीच्या मधोमध ठोकायचा आणि मशीन त्याच्याभोवती फिरवायचं. बारा इंची स्पीकर असला तरी भोक बारा इंची नसतं, नाहीतर स्पीकर सरळ आत पडतो. भोक अकरा इंच एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून खिळ्यापासून पात्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत साडेपाच इंच आणि अर्धा सूत. हे माप मी स्वतः तीनदा घेतलं.

"एकदम खोल जाऊ नका," रामलिंगनं सांगितलं. "थोडं थोडं. पाच-सहा फेऱ्यांत आरपार होतं." आणि तो दुसऱ्या गावी दारं बसवायला निघून गेला.

शनिवारी दुपारी मी पहिली फळी घेतली. पाच फेऱ्या लोण्यासारख्या गेल्या. सहाव्या फेरीला फळी आरपार कापत आले, शेवटची दोन बोटं उरली आणि मधली चकती सुटली. खिळा त्या चकतीतच होता, मशीनला आधारच राहिला नाही. ते झटक्यानं बाहेर गेलं आणि कडेला अर्धा इंच खोल घाव पडला. नेमका जिथं स्क्रू येतो तिथं.

दुसऱ्या फळीला शेजारच्या चतुराबाईला खालून चकती धरायला बसवलं. ती बिचारी तोंडाला पदर बांधून भुशात बसली. पण शेवटच्या दोन बोटांना चकती तरीही हलली आणि घाव पडला. या वेळी थोडा लहान. चतुराबाई म्हणाली, "घावात लांबी भरून टाक की, कुणाला कळतंय?"

"डबा वाजून वाजून लांबी तडकते," मी म्हणाले. "सोमवारी तडकली तर?"

ती निघून गेली. मी ओसरीवर त्या दोन फुकट गेलेल्या फळ्या समोर ठेवून बसले आणि चक्क रडले. शिवणात चूक झाली तर उसवता येते. लाकूड उसवता येत नाही. लातूरची दुकानं रविवारी बंद, सोमवारी चार वाजता भजन, आणि हातात एकच फळी. रामलिंग बरोबर बोलला होता, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

रविवारी सकाळी चहा घेऊन पुन्हा बसले. हातावर हात ठेवून बसणं माझ्या रक्तात नाही. खिळा ठोकला, मशीन लावलं, पहिली उथळ फेरी मारली. सासूबाई खांबाला टेकून बघत होत्या. आठवडाभर त्यांचं कशातच लक्ष नव्हतं, पण मशीनच्या आवाजानं बाहेर आल्या असाव्यात. दुसरी फेरी झाली. तिसरी सुरू केली तशा त्या म्हणाल्या, "उमा, तुला काही रीत हाय का न्हाई?"

मी मशीन बंद केलं. "काय झालं?"

"महादेवाला कुनी पुरी प्रदक्षिणा घालतं का? गरागरा फिरून राहिलीस."

बघितलं तर खरंच, गोल खाच, मधोमध खिळा उभा. त्यांना त्यात पिंडच दिसत होती. मला आधी रागच आला. इथं माझा जीव टांगणीला आणि यांना थट्टा सुचतेय. म्हणाले, "आत्याबाई, हे लाकूड आहे, देऊळ नाही."

"ते मला कळतं. पन पुरी फिरलीस की घात होतो तुझा. काल दोनदा झाला. पन्हळीपाशी थांबावं, मागं फिरावं."

त्या हसत होत्या. आठ दिवसांत पहिल्यांदा. आणि माझा हात मशीनवर तसाच राहिला. महादेवाला आपण अर्धीच प्रदक्षिणा घालतो. पिंडीवरचं पाणी जिथून वाहून जातं ती पन्हळ ओलांडत नाही. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं उलट फिरून पलीकडून तिथवर यायचं. जन्मभर तेच करत आलेय. मग इथं मला पुरं फिरायला कुणी सांगितलं होतं? घात शेवटच्या दोन बोटांत होत होता. ती दोन बोटं कापलीच नाहीत तर चकती सुटणार कशी?

मी पेन्सिलनं दोन बोटांची जागा आखली. तिथवर गेले, मशीन उचललं नाही, तसंच उलट फिरवून आखलेल्या जागेच्या दुसऱ्या बाजूला आणलं. उलट येताना ते हात ओढत होतं, म्हणून खोली आणखी कमी केली. सहाच्या दहा खेपा झाल्या. पाठ भरून आली, डोळ्यात भुसा गेला, पण मी घाई केली नाही. खेप संपली की सासूबाई मोजत: सात, आठ, नऊ. दहाव्या खेपेला सगळीकडून उजेड दिसला आणि चकती दोन बोटांवर जागच्या जागी उभी राहिली. तेवढा तुकडा मी बारीक करवतीनं आतल्या अंगानं कापला, मग कानस घेतली. अर्धा तास घासत होते. शेवटी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं. कुठंही अडकलं नाही.

संध्याकाळी रामलिंग आला. त्यानं स्पीकर भोकावर ठेवला. तो अंगाबरोबर शिवलेल्या पोलक्यासारखा बसला. त्यानं दोनदा बोट फिरवून बघितलं. "कसं केलंत?" त्यानं विचारलं. मी सासूबाईंकडं बोट दाखवलं. त्याला ती थट्टा वाटली.

खरं अवघड काम पुढंच होतं. सोमवारी सासूबाई देवळात यायलाच तयार नव्हत्या. "तुमी गा. मी टाळ धरते," म्हणाल्या. मी त्यांच्या हाताला धरून घेऊन गेले. गुरुबसप्पा दाराशी हाताची घडी घालून उभा होता. आमच्या रंग न दिलेल्या डब्याकडं बघत होता. मी माईक सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. बायकांनी टाळ धरले आणि कुणीच गाईना. सगळ्या त्यांच्याकडं बघत बसल्या. आता जर फर्र आलं असतं, तर त्या पुन्हा कधी गायल्या नसत्या, आणि त्याला मी कारण झाले असते.

त्यांनी डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. अर्ध्यावर थांबल्या. घाबरून इकडंतिकडं बघितलं.

"हे कोन गाऊन राहिलं?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच, आत्याबाई."

त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, शेवटपर्यंत. बारीक, सरळ आवाज देवळाबाहेर पारापर्यंत गेला. त्या डब्याकडं कान करून ऐकत होत्या, दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं. ओळ संपली. मग त्यांनी मान वळवून दाराकडं बघितलं.

"गुरुबसप्पा," त्या म्हणाल्या, "सुरात हाय की रे मी."

माईक चालूच होता. सगळ्या गावानं ऐकलं. गुरुबसप्पानं हाताची घडी सोडली, "हाव, काकू," म्हणाला आणि उंबऱ्याच्या आत येऊन खाली बसला. आम्ही दुसरी ओळ धरली.