गादीतली बाहुली

झगा घातलेल्या मांत्रिक बाबांनी गादीच्या चिरेत कोपरापर्यंत हात घातला, डोळे पांढरे केले, दोन ढेकर दिले आणि काळ्या लोकरीची बाहुली बाहेर काढली. दारात, जिन्यावर दाटलेल्या शेजाऱ्यांनी "अगंबाई" म्हणून हात जोडले.

"करणी," बाबा म्हणाले. "वर्षभर मुरलेली, घरातल्याच बाईची. ती घरात आहे तोवर पोराचा ताप हटायचा नाही. डॉक्टरच्या गोळ्या तर विषच."

घरातली बाई म्हणजे सून. आठ दिवस नवऱ्याच्या उशाशी बसून तिचे डोळे खोल गेले होते. सासूने तिची पिशवी भरून उंबऱ्यावर ठेवलीसुद्धा.

गर्दीत गादीवाल्या मावशी होत्या. ही गादी त्यांनीच वर्षापूर्वी भरलेली. मावशी देवाचं नाव घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवत नसत. पण त्यांच्या कामाला कोणी नावं ठेवली, तर देवाचंही ऐकत नसत. त्यांनी बाहुली निरखली. कापसात आयुष्य गेलेल्या या बाईच्या चहातही कापूस तरंगायचा, आणि गादीतून निघालेली ही बया एकदम स्वच्छ.

"जरा द्या, बाबा." मावशींनी बाहुली गादीत खुपसली, दहा आकडे मोजले आणि ओढून काढली. बाहुलीला पांढरी दाढी फुटली होती. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"लोकर कापूस सोडत नाही. मग मघाशी ही न्हाऊनमाखून कशी आली?"

"मंत्राचं तेज. देवाची निंदा करू नकोस, बाई."

"निंदा तुम्ही करताय. वीतभर लोकरीपुढे देवाचं काही चालत नाही म्हणता, आणि वर त्याच्याच नावावर पोट भरता."

असं म्हणत मावशींनी बाबांच्या झग्याची रुंद बाही धरली. आतून खिसा शिवलेला होता, टाकेही कच्चे. एक झटका देताच दुसरी बाहुली जमिनीवर पडली.

"ही कोणाच्या सुनेसाठी?"

जिन्यावरच्या सासवा एकमेकींकडे बघायला लागल्या. बाबांना तेवढ्यात तातडीचं काम आठवलं.

"देवाला खुशाल हात जोडा," मावशी सगळ्यांना म्हणाल्या, "पण चमत्कार करणाऱ्याची बाही आधी झटकून बघा. डोकं त्यानंच दिलंय, ते वापरलं तर तो रागवायचा नाही. आणि तापाला औषध लागतं."

सासूने पिशवी उचलून आत ठेवली. सुनेकडे न बघताच तिने विचारलं, "गोळ्या कुठं आहेत?"

"सकाळी तुम्हीच कचऱ्यात टाकल्यात," सून म्हणाली.

सासू खाली बसली आणि कचऱ्याचा डबा चाचपू लागली.