तरंगलं म्हणजे जगलं?

हसू नका हं, आधीच सांगते. आणि मधेमधे बोलू नका, नाहीतर सांगायचा धीरच होणार नाही.

तर माझी सध्या पोस्टमॉर्टमला ड्यूटी आहे ना, तिथे परवा एक बाळ आलं. आई जेमतेम एकोणीसची. बाथरूममध्ये एकटीच बाळंत झालेली, घरात कुणाला दिवस गेल्याचा पत्ताच नाही! ती वरच्या वॉर्डात, दाराशी पोलीस. ती म्हणते, मेलेलंच जन्मलं. पोलीस म्हणतात, हिनेच मारलं. जन्मलं तेव्हा जिवंत होतं की नाही, ते आम्ही सांगायचं. त्यावर तिचं सगळं आयुष्य!

आमच्या डॉक्टर मॅडमनी बाळ उघडलं, फुफ्फुसं काढली, तेवढ्यात त्यांना कोर्टात साक्षीला बोलावलं. जाता जाता म्हणाल्या, "पाण्यात टाकून बघ, लिहून ठेव. आणि तोंड बंद."

मला ती टेस्ट तोंडपाठ! श्वास घेतलेलं फुफ्फुस तरंगतं, न घेतलेलं बुडतं. टाकलं, आणि अगं, बुचासारखं वर! मला इतका आनंद झाला... शी!

बाहेर आले तर पोलीस, "काय ताई, काही कळलं?"

मी म्हटलं, "तरंगलं! श्वास घेतलाय बाळानं."

बाकावर त्या पोरीची आई बसली होती. दिसली नव्हती असं म्हणणार होते तुम्हाला, पण दिसली होती. शहाणपणा पाजळायची घाई, दुसरं काय! ती उठली आणि तरातरा जिना चढली. मी मागे धावले. दारात पोचते तोवर कानाखाली बसलेली. "रडलंच नाही म्हणालीस ना गं? माझ्याशी खोटं?" पोरीनं हातसुद्धा आडवा केला नाही.

मॅडम आल्या. ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाळाच्या तोंडात कुणी हवा फुंकली होती का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"जठर पाण्यात टाकलंस?" नव्हतं. मग टाकलं, तर तेही तरंगलं. "फुंकलेली हवा पोटातही शिरते. अगं बाई, बाळ हलत नाही म्हटल्यावर घाबरलेली आई काय करेल?"

आम्ही वर गेलो. पोरीला विचारलं. म्हणाली, "फुंकलं ना. खूप वेळ फुंकलं. टीव्हीत दाखवतात तसं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

बाहेरून फुंकलेली हवा की बाळाचा स्वतःचा श्वास, हे नुसत्या तरंगण्यावरून ठरवता येत नाही. अंगावर दुसरी काही खूणही नव्हती. मॅडमनी रिपोर्टात लिहिलं, 'जिवंत जन्मलं की नाही, सांगता येत नाही.' संध्याकाळी दाराशी बसलेला पोलीस गेला.

मॅडम काही बोलल्या नाहीत हो मला! बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच परत वर गेले. तिच्या आईला म्हटलं, "काकू, माझं चुकलं. मी असं सांगायला नको होतं."

त्या पोरीच्या पायावर चादर घालत होत्या. तशाच वाकून म्हणाल्या, "मग जिवंत होतं का नव्हतं?"

"सांगता येत नाही, काकू."

"त्या वेळी तर लगेच सांगितलंत."

पोरीनं भिंतीकडे तोंड केलं. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवायला म्हणून उचलला आणि नाही ठेवला. कारण त्यांना कळेना ना. आणि आता कधीच कळणार नाही.

बघा ना, हसू नका म्हटलं तर कुणीच हसत नाहीये.