बिनकिल्ली महाराजांचं कुलूप

गुरुवारची दुपार होती आणि सावळखोऱ्याच्या टेकडीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बुलढाण्याकडून जीपगाड्या, चिखलीकडून टेम्पो, आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या, नुसती रीघ लागली होती. सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या. धुनीशेजारच्या लोखंडी खांबाला चांगुणा नावाची बाई साखळीनं बांधलेली होती आणि साखळीला शेंदूर फासलेलं मूठभर आकाराचं कुलूप लोंबत होतं. विस्तव तिथून वीतभर लांब.

बिनकिल्ली महाराजांनी धुनीत मूठभर राळ फेकली. भस्सकन जाळ उठला.

"ज्यानं बांधलं तोच सोडीन!" महाराज गरजले. "इथं किल्ली नाही, किल्लीवाला नाही! बोला लेकरायहो, गळते का नाई गळत?"

"गळते!" टेकडी ओरडली.

आणि खरंच गळलं की! कुणाचा हात लागला नाही, किल्ली लागली नाही, कुलपाची कडी आपसूक सुटली आणि कुलूप धुळीत पडलं. बायका हुंदके देऊ लागल्या, म्हातारे लोटांगण घालू लागले. चांगुणा बिचारी मोकळ्या पायाकडे बघत तशीच उभी राहिली.

पलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून मंजुश्री हे सगळं बघत होती. तिथं अकरा बायका अजून साखळीला होत्या आणि ती त्यांतली एक. सात महिने झाले होते तिला. दुसरबीडची पोर, शिकलेली. बाळंतपणात मूल दगावलं, मग झोप उडाली आणि कानात माणसं बोलायला लागली. बुलढाण्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. पंधरा दिवसांत गुण दिसेना म्हणून आईनं, सोजराबाईनं, तिला इथं आणलं. महाराजांनी पहिल्याच दिवशी गोळ्यांचं पाकीट धुनीत टाकलं. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि आई मात्र अंगारा पदराला बांधून महाराजांच्या पायाशी! माणूस पोरीच्या काळजीनं हतबल झाला की भिंतीकडे बघायचंही विसरतो.

ही शेड म्हणजे मोठं विचित्र कोडं होतं. मंजुश्री गप्प बसली तर महाराजांचा चेला गणेश म्हणायचा, "गुण येऊन राह्यला, अजून ठेवा." ओरडली तर, "अंगातलं बोलून राह्यलं, साखळी आखूड करा." रडली तर भूत रडतं, हसली तर भूत हसतं. जेवण नको म्हटलं तर उपास, हवं म्हटलं तर हाव. काहीही केलं तरी साखळीच्याच खात्यात जमा. शहाण्यासारखं वागायचं तरी कसं, हे कळायलाही तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

आजचा गुरुवार मात्र वेगळा होता. आमदार भागवतरावांनी विधानसभेत तारांकित प्रश्न टाकला होता. सावळखोरा येथे मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवण्यात येते, हे खरे आहे काय. असल्यास, कायद्याच्या अंमलबजावणीसाठी व पुनर्वसनासाठी शासनाने काय केले. नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तर लिहिण्याआधी जागा बघायला आरोग्य खात्याचे अधीक्षक आले होते, सोबत मनोविकारतज्ज्ञ डॉ. राबिया, आणि प्रश्न आपलाच म्हणून भागवतरावही आले होते.

महाराज काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी आमदारांच्या हातात नारळ दिला आणि दोन्ही बाह्या वर केल्या.

"साहेब, कोंडणाऱ्यापाशी किल्ली असते. घ्या माही झडती! सापडली किल्ली तर मले फाशी द्या. ह्या लेकीले देवानं बांधलं, देव सोडते. तुमच्या डोळ्यादेखत सोडली का नाई?"

अधीक्षकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून उत्तर लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलंही, "सदर ठिकाणी कोणासही कोंडून ठेवल्याचे आढळून आले नाही. सबब, हे खरे नाही." भागवतरावांनीही हात जोडले. सगळा मतदारसंघ टेकडीवर उभा असताना माणूस दुसरं काय करणार!

ते वाक्य मंजुश्रीच्या कानावर पडलं. हा कागद मुंबईला जाणार. तिथं तो छापून येणार आणि मग ह्या टेकडीवर परत कुणी म्हणजे कुणी येणार नाही. ओरडावं असं तिला फार वाटलं. पण ओरडलं की संपलं, हे सात महिन्यांत ती शिकली होती. डॉ. राबिया शेडपाशी आल्या तेव्हा तिनं आवाज खाली ठेवला.

"बाई, मले कानात आवाज येतेत, हे खरं हाय. मी बिमार हाओ, हेबी खरं हाय. पण आता जे सांगते, ते आवाजाचं नाई, माहं मी सांगून राह्यली. सांगू का?"

गणेश धावत आला. "मॅडम, दूर व्हा! अंगात आलं तिच्या!"

"अंगात आलेलं माणूस परवानगी मागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बोल, काय नाव तुझं? मंजुश्री? बोल."

"महाराज म्हणते किल्लीच नाई. मंग रोज सकाळी आमाले संडासले नेतेत, तवा साखळी कोण सोडते? देव रोज सकाळी सहा वाजता डब्बा घेऊन येते काय?"

पुढच्या रांगेतल्या दोन-चार बायका फिसकन हसल्या. बाकीच्यांना हसावं की कानांवर हात ठेवावेत ते कळेना. गणेशचा हात मात्र आपोआप कमरेला गेला, आणि तो गेलेला सगळ्यांनी बघितला. भागवतरावांच्या ड्रायव्हरनं त्याचा सदरा वर केला. करगोट्याला किल्ल्यांचा जुडगा.

"ते... ते कोठीच्या किल्ल्या हायेत," गणेश चाचरला.

"असू दे कोठीच्या," मंजुश्री म्हणाली. "आता ते पडेल कुलूप घ्या. महाराजाले म्हणा, उघडू नका. उघडणं लय झालं. बंद करून दाखवा."

इतका साधा प्रश्न, पण आजवर त्या टेकडीवर कुणी विचारला नव्हता. डॉ. राबियांनी धुळीतलं कुलूप उचललं, कडी आत दाबली. खटका वाजला नाही. सोडली तर कडी परत घसरून बाहेर आली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. बोटांना शेंदूर लागला, तो कोमट होता आणि चिकट होता.

"माहा बाप कचरू, दुसरबीडच्या बाजारात कुलपं दुरुस्त करे," मंजुश्री सांगू लागली. "कडीच्या खाचेत आतून एक जीभ अडकते, मंग कुलूप लागते. ह्या कुलपाची जीभ कानशीनं घासून टाकेल हाय. कडी धरून ठेवाले खाचेत मेण भरते. जिले सोडाचं तिचं खरं कुलूप गुरुवारी सकाळी कुलूपपूजा म्हणून काढून नेते अन् हे आणून लावते. वरून शेंदूर. देवाचा शेंदूर मेणातच कालवतेत, म्हणून मेण दिसलं तरी कोनाले शंका येत नाई. धुनीत राळ टाकली का जाळ वर येते, मेण पघळते, अन् कुलूप आपल्याच वजनानं पडते. खोटं वाटत असन तर माहं कुलूप धुनीपाशी नेऊन ठेवा. आठ दिवस ठेवा. ते नाई गळनार, कारण ते खरं हाय."

डॉक्टरांनी केसातली पिन काढून कडीच्या भोकात फिरवली. पिनेच्या टोकाला केशरी मेणाचा गोळा आला. तो त्यांनी आमदारांच्या नारळावर टेकवला, म्हणजे सगळ्यांना दिसावा.

"कलियुग!" महाराज ओरडले. "अविश्वासू माणसं आली, शक्ती गेली!"

"शक्ती गेली का मेण संपलं?" गर्दीतून एक म्हातारा बोलला. आता मात्र टेकडी मनापासून हसली, आणि महाराज शेडमागच्या वाटेनं निघाले. ड्रायव्हरनं त्यांना धरून बसवलं. भागवतरावांनी नारळ खाली ठेवला आणि पोलीस ठाण्याला फोन लावला. हवा फिरल्याचं त्यांना डॉक्टरांच्याही आधी कळलं होतं, पण फोन केला हे खरं. अधीक्षकांनी कागद चुरगळून खिशात घातला.

"मानसिक आजारी माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला २०१७च्या कायद्यानं मनाई आहे," डॉ. राबिया गर्दीला म्हणाल्या. "देवाच्या नावानं बांधलं तरी, आणि आईनं बांधलं तरी."

जुडग्यातल्या किल्ल्यांनी एकेक कुलूप उघडलं. दहा बायका मोकळ्या झाल्या. मंजुश्रीच्या कुलपाची किल्ली मात्र गणेशनं वेगळीच ठेवली होती, ती जुडग्यात सापडेना. ती खाली वाकली, ब्लाउजची सेफ्टी पिन काढली, कुलपात घालून दोनदा फिरवली. खट् वाजलं आणि कुलूप उघडलं.

भागवतराव बघतच राहिले. "पोरी, तुला हे येत होतं? मग सात महिने इथं बसलीस कशाला? पळून का नाही गेलीस?"

"गेल्ती ना साहेब. दुसऱ्याच महिन्यात. रात्रंदिवस चालत घरी पोचली." मंजुश्रीनं गर्दीत बघितलं. सोजराबाई अंगाऱ्याची पुडी मुठीत धरून उभी होती. "मायनं भाकर देली, डोक्यावरून हात फिरवला, अन् सकाळी जीपात बसवून परत आणून बांधली."

भागवतरावांच्या खिशात सरकारला विचारायचे चांगले पाचपन्नास प्रश्न होते, पण हा कुणाला विचारायचा ते त्यांनाही सुचलं नाही. सोजराबाई पुढं आली. मुलीच्या पायाला साखळीचा काळा वळ पडला होता. तिथं हात लावायची तिची छाती होईना. मग ती डॉक्टरांकडे वळली.

"बाई, तुमच्या गोळ्यायनं ते आवाज जातीन ना? खातरीनं सांगा."

"खात्रीनं नाही सांगत, आई. कमी होतील. वेळ लागेल, कदाचित वर्ष, कदाचित जास्त. मध्येच गोळी सोडली तर परत येतील. कधी एक गोळी लागू पडली नाही तर दुसरी बघू. मला जेवढं माहीत आहे तेवढंच मी सांगणार."

"महाराज तं तीन गुरुवारात बरी करतो म्हने."

"त्यानं किती गुरुवार घेतले?"

सोजराबाईनं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मूठ उघडली, पुडी धुळीत पडली.

वाचकहो, सावळखोऱ्यासारखी टेकडी आपल्या गावापासून फार लांब नसते. चमत्कार दिसला की नमस्कार करायच्या आधी एक साधा प्रश्न विचारा, अगदी संडासाचा असला तरी चालेल. आणि मन आजारी असलेलं माणूस काही सांगत असेल तर त्याचं आधी ऐका. त्याला ताप आला असता तर आपण ऐकलंच असतं.

डॉ. राबियांनी दवाखान्याचा कागद काढला. सोजराबाईनं सवयीनं अंगठा पुढं केला. डॉक्टरांनी तो हळूच बाजूला सारला आणि पेन मंजुश्रीपुढं धरलं.

"तुला यायचं आहे का दवाखान्यात? नको असेल तर नको म्हण. आपण दुसरं काही बघू."

तिला काय हवं ते सात महिन्यांत कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. मंजुश्रीनं तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. कानात कुणीतरी काहीबाही बोलत होतं. तिनं ते बोलू दिलं, पेन घेतलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.