आधी खिसे रिकामे करा

मित्रांनो, मी एका छोट्या विमानातला जुना कंपास आहे, म्हणजे होकायंत्र. तुमच्या दप्तरातल्या कंपासपेटीशी माझं काही नातं नाही. काचेच्या डबीत तरंगत मी उत्तर दिशा दाखवतो. मला वीज लागत नाही. म्हणूनच विमान कितीही छोटं असो, त्यात कंपास हवाच, असा नियम आहे.

नाशिकच्या हँगरमध्ये मला बसवलं ते विमानं दुरुस्त करणाऱ्या कारभारी अण्णांनी. माझ्या तपासणीसाठी ते विमान मोकळ्या जागेत ढकलत नेत, एकेका दिशेला वळवत आणि मी कुठे चुकतो ते पाहत. त्याआधी सगळ्यांना एकच हुकूम असे, "खिसे रिकामे करा." किल्ल्या, मोबाइल, सगळं बाहेर. कारण लोखंड किंवा चुंबक जवळ आलं, की मी तिकडे ओढला जातो.

मग माझ्या शेजारी रंगीत स्क्रीन आली. माझ्याकडे कोणी बघेना. एकदा मनमाडच्या पुढे, धुरकट हवेत ती काळी पडली, तेव्हा घरची दिशा मीच दाखवली. माझं कौतुक चहा संपेपर्यंत टिकलं.

गेल्या महिन्यात अण्णा वारले. त्यांची मुलगी योगिनी इथेच इंजिनिअर आहे. परवा माझी तपासणी तिने केली. विमानाचं नाक बरोबर उत्तरेला, आणि मी भलतीकडेच.

"ताई, डबडं गेलं कामातून," पायलट सनी म्हणाला. "दे द्वारका चौकातल्या भंगारवाल्याला."

"अण्णांनी बसवलाय तो."

"म्हणून काय खोटं बोललेलं चालतं?"

मी खोटं बोलत नव्हतो! योगिनीने मला काढायला पेचकस उचलला. ती जवळ वाकली, तसा मी आणखी तिच्याकडे वळलो.

सनी हसला. "बघ, तुझ्याकडेच बघतोय की!"

योगिनी थांबली. तिचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे अण्णांचं पेनाएवढं चुंबक होतं, खाली पडलेले स्क्रू उचलायचं. अण्णा गेल्यापासून ते तिने खिशातून काढलंच नव्हतं.

तिने ते सनीच्या हातात दिलं. "धर. लांब घेऊन जा."

"किती लांब?"

"मी सांगेपर्यंत."

सनी चालत राहिला. मी हळूहळू वळलो, उत्तरेला आलो आणि थांबलो. योगिनीने डोळे पुसले, पेचकस खाली ठेवला आणि माझा आकडा लिहून घेतला.

मित्रांनो, मला दया नको. माझ्यावर शंका घ्या, जरूर घ्या. पण खिशात कितीही लाडकी वस्तू असो, आधी खिसे रिकामे करा.