माझ्यावर न सांडलेले रक्त

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो; केशकर्तनालयातली, गोल फिरणारी. कारखान्यात माझ्या लोखंडी सांगाड्यावर लाल रेक्झिन चढले आणि मी मालकांच्या दुकानात आले.

मालक फार मायेचे. गरम टॉवेल गिऱ्हाइकाच्या तोंडावर ठेवण्याआधी ते स्वतःच्या गालाला लावून बघत. "देवाने दिलेला चेहरा आहे, भाजून कसं चालेल?" म्हणत. एका संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर एका माथेफिरूने त्यांना भोसकले. लेक तेव्हा पाळण्यात होती.

मालकीणबाईंनी कात्री हाती घेतली आणि दुकान चालवले. पुढे या खुनावर मालिका काढणारे आले. बाईंनी त्यांना टॉवेलची आठवण सांगितली, आणि त्यांनी चित्रीकरणासाठी मला मागून नेले.

"वहिनी, दादांचा तो टॉवेल दाखवणारच. शब्द देतो," दिग्दर्शक म्हणाला.

मी परतले तेव्हा माझ्या पाठीवर गडद लाल डाग होते. 'रंग सांडला असेल,' असे बाईंना वाटले.

दुकानातल्या टीव्हीवर मालिका सुरू झाली. खोटे कशाला बोलू, पहिला भाग झकास होता. आरशाचा तडा, कात्रीची कचकच, नटाची मान तिरकी करायची लकब, सगळे हुबेहूब!

"आई, बाबा असेच होते?"

"अगदी असेच गं." बाईंनी डोळे पुसले.

मग मात्र गाडे रुतले. खुनाचा तपास करणारा फौजदार जिना चढतोय, बायकोशी भांडतोय, चहाचा कप हातात धरून खिडकीतून बघतोय.

"हा तो चहा एकदाचा पिणार आहे का?" लेक वैतागली. "टॉवेल कधी येणार?"

"येईल. शब्द दिलाय त्यांनी."

कथा सांगणाऱ्याने खुशाल रमावे, पण ज्याच्या ओढीने मंडळी बसली आहेत त्यालाच विसरू नये. शेवटच्या भागात सगळे धावतपळत उरकले. टॉवेल आलाच नाही. उलट मालकांना माझ्यावर बसवून मारलेले दाखवले! त्या डागांचा अर्थ बाईंना तेव्हा कळला. बाईंनी फोन केला, दिग्दर्शकाने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे नेहमीचे गिऱ्हाईक, शाळेचे मास्तर, दारातच थबकले. "त्या खुर्चीत नको हो. मी आपला स्टुलावर बसतो." हळूहळू सगळेच तसे म्हणू लागले. शेवटी बाईंनी भंगारवाल्याला बोलावले.

त्याने मला हात लावताच लेक माझ्यावर चढून बसली. "बाबा इथे मेले नाहीत. इथे ते काम करायचे. आई, टॉवेल आण!"

बाईंनी टॉवेल पिळला, आधी स्वतःच्या गालाला लावला, मग लेकीच्या तोंडावर ठेवला. भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. मास्तर मात्र अजून स्टुलावरच बसतात.

मित्रांनो, कुणाची खरी गोष्ट मागून न्याल, तर वस्तू जपालच. पण त्या माणसाला त्याहून जपा. माझे डाग घासून निघाले. मालकांच्या आठवणीवरचे कोण पुसणार?